पुण्यात आरमाराची चर्चा का होते? एक पार्श्वभूमी

पुण्याहून समुद्र गाठायचा तर घाट उतरावा लागतो. तरीही मराठ्यांच्या आरमारावर बोलायला आणि ऐकायला इथे माणसे जमतात. जाहीर व्याख्यानांची सवय या शहराला जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. १९१० मध्ये वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले आणि अस्सल कागद पुढे ठेवूनच इतिहास बोलायचा, ही शिस्त रुजली. पेशवे दफ्तरही पुण्यातच. त्यातले निवडक कागद गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापून आणले.

पुण्याचा आणि आरमाराचा संबंध मात्र कागदांपुरता नाही, आणि तो सगळा अभिमानाचाही नाही. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत आरमार उभारायला घेतले, १६६४ मध्ये मालवणच्या बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू केले. पुढे कान्होजी आंग्र्यांनी हे आरमार असे वाढवले की इंग्रज आणि पोर्तुगीज मिळूनही त्यांना नमवू शकले नाहीत. १७२९ मध्ये कान्होजी गेले, मुलांत भाऊबंदकी माजली आणि सरखेलांचे, म्हणजे आरमारप्रमुखांचे, घराणे कुलाबा व विजयदुर्ग असे दुभंगले. विजयदुर्गचे तुळाजी पेशव्यांना जुमानेनात. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली.

फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह हे इंग्रज सेनानी विजयदुर्गावर चालून आले. तुळाजींनी पूर्वी इंग्रजांकडून जिंकलेल्या ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर तोफगोळा पडला, आग पसरली आणि खाडीत नांगरलेले आंग्र्यांचे आरमार जळून गेले. इंग्रजांची मदत घेण्याचा निर्णय पुण्याचा होता. तुळाजींचा बंदोबस्त करण्यामागची कारणे खरी होती, पण किनाऱ्यावर इंग्रजांना रोखू शकणारे बळ त्यात गेले. ही जबाबदारी पुण्यातल्या व्यासपीठावरून स्वच्छ शब्दांत सांगितलीच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

त्यानंतरचा काळ व्याख्यानांत घाईने उरकला जातो, आणि तो तसा उरकू नये. विजयदुर्ग पेशव्यांकडे आला, तिथे आरमाराचा सुभा, म्हणजे मुख्य ठाणे, बसला आणि पुढे तो धुळप घराण्याकडे गेला. एप्रिल १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी रत्नागिरीजवळ ‘रेंजर’ आणि तिच्या सोबतची इंग्रज जहाजे पकडली. इंग्रज आणि मराठे यांच्यात सालबाईचा तह तोवर झालेला होता, त्यामुळे या विजयाचे राजकीय मोल उरले नाही. पण धुळपांचे खलाशी गुराबा (मोठी लढाऊ जहाजे) आणि गलबते घेऊन तोफांच्या माऱ्यात शत्रूला भिडले होते.

अलीकडे या विषयात नवा सूर आला तो दर्यावर्दी माणसांमुळे. खडकवासल्याला १९५५ पासून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत नौदलाचेही छात्र घडतात. लोणावळ्याची ‘शिवाजी’ ही नौदलाची अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था तर १९४५ पासूनची. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी १९७८ मध्ये मुंबईत सागरी इतिहासासाठी संस्था उभी केली. नौदलात आयुष्य घालवलेला वक्ता वारा, भरती-ओहोटी आणि खाडीच्या तोंडाची खोली यांवर बोलतो. पावसाळ्यात गलबते किनाऱ्याला ओढून ठेवावी लागत; १७५६ ची लढाई फेब्रुवारीत आणि १७८३ ची एप्रिलमध्ये का झाली, हे त्यातूनच कळते.