शंकूबाहेर असलेले गाव सुरक्षित असते का?

अटलांटिकमधील उष्णकटिबंधीय वादळाच्या नकाशावर दिसणारा पांढरा शंकू म्हणजे वादळाचा आकार, आणि त्याबाहेरचे गाव सुरक्षित, असा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो चुकीचा आहे आणि जिवावर बेतू शकतो. अमेरिकेतील मायामी येथील राष्ट्रीय हरिकेन केंद्र (हरिकेन म्हणजे अटलांटिकमधील तीव्र चक्रीवादळ) हा शंकू मागील 5 वर्षांच्या अंदाजांतील चुकांवरून आखते. त्याचा अर्थ एवढाच की वादळाचे केंद्र साधारण तीनपैकी दोन वेळा त्या पट्ट्यात राहते, म्हणजेच उरलेल्या एका वेळी ते बाहेर जाते. त्या हंगामातील लहानमोठ्या सर्व वादळांना रुंदीचे एकच माप लावले जात असल्याने वारा, पाऊस आणि समुद्राचे उधाण कुठवर पोहोचेल, हे शंकू सांगतच नाही.

वादळाचे हरिकेन होणार का, हेही त्यावरून कळत नाही. ताशी 119 किलोमीटरचा सलग वारा ही हरिकेनची सीमा आहे, आणि ती ओलांडणे समुद्राच्या उष्णतेवर तसेच वेगवेगळ्या उंचीवरील वाऱ्यांतील फरकावर ठरते.

शंकूच्या आतही फक्त मधल्या रेषेकडे पाहणे फसवे ठरते. त्यासाठी ऑगस्ट 2004 मधील 'चार्ली' या हरिकेनचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. अनेकांचे लक्ष फ्लोरिडातील टॅम्पा शहराकडे जाणाऱ्या, अंदाजित मार्ग दाखवणाऱ्या मधल्या रेषेवर खिळले होते. वादळ मात्र टॅम्पाला पोहोचण्याआधीच वळले, काही तासांत (वाऱ्याच्या वेगावरून ठरणाऱ्या पाच श्रेणींपैकी) दुसऱ्या श्रेणीतून चौथ्या श्रेणीत गेले आणि फ्लोरिडातीलच पुंता गोर्डा परिसरावर आदळले. तो परिसर शंकूच्या आतच होता.