कागदासाठी ॲमेझॉन तोडले जाते का?

‘आपण वापरतो त्या कागदासाठी ॲमेझॉनचे जंगल तोडले जाते’ असा संदेश अनेक वर्षे फिरत आहे. कागद झाडापासून बनतो हे खरे असल्यामुळे तो पटतो आणि त्यामागची तळमळही खरी असते.

मात्र ब्राझीलमधील कागदाचा लगदा मुख्यतः निलगिरीच्या लागवडीतून येतो आणि ती लागवड बहुतांशी ॲमेझॉनच्या बाहेर आहे. लगद्याला एकसारखे लाकूड लागते, तर वर्षावनात शेकडो जातींची झाडे मिसळून वाढतात. (सुमात्रा बेटावर मात्र लगद्याच्या लागवडीसाठी वर्षावन तोडले गेले आहे, हे नोंदवले पाहिजे.)

ॲमेझॉनमधील तोडलेल्या जमिनीचा सर्वांत मोठा भाग गुरांच्या कुरणांखाली आहे. क्रम साधारण असा असतो: लाकूडतोडीसाठी रस्ता होतो, मौल्यवान झाडे जातात, उरलेले जंगल जाळून गवत पेरले जाते, आणि पुढे काही कुरणांवर सोयाबीन आले की गुरे आणखी आत सरकतात. ब्राझील गोमांस आणि सोयाबीन या दोन्हींचा जगातील आघाडीचा निर्यातदार आहे. त्या सोयाबीनचा मोठा ग्राहक चीन असून पेंड प्रामुख्याने कोंबड्या व डुकरांना खाऊ घातली जाते.

पडताळण्यासाठी मोबाइलवरील नकाशात उपग्रहचित्र निवडून ब्राझीलचे रोंडोनिया राज्य पाहावे. मुख्य रस्त्यापासून माशाच्या काट्यांसारख्या फुटलेल्या पट्ट्या दिसतील. चित्र मोठे केल्यावर त्यांत बहुतेक ठिकाणी कुरणेच आढळतील.