वर्गपाठाची वही कोण बघतं?

कोपरखैरणेतल्या एका मराठी शाळेत गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून मी विज्ञानाचा एक तास पाहिला. दुपारचं सत्र, पस्तीस मिनिटांची तासिका, पटावर चोपन्न मुलं. बाईंनी फळ्यावर एकच ओळ लिहिली : एनएमएमटीच्या बसने एकदम ब्रेक मारला की उभा माणूस पुढे का जातो? मग म्हणाल्या, "चार ओळी. स्वतःच्या. दहा मिनिटं." कुजबुज सुरू झाली. खिडकीजवळच्या एका मुलाने हात वर केला. "बाई, उत्तर नंतर फळ्यावर देणार ना? मग तेव्हाच लिहितो."

मुलगा आळशी नव्हता, व्यवहारी होता. वहीत जायचं ते बरोबर उत्तर, आणि बरोबर उत्तर फळ्यावर येतं, एवढं त्याला आठ-नऊ वर्षांच्या शाळेने नीट शिकवलं होतं. वर्गात मुलांनी मन लावून, चांगलं, स्वतःचं काम करावं असं आज प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. ते होत का नाही, हे समजून घ्यायला बरंच मागे जावं लागतं.

इंग्रजी अंमलाआधीची पंतोजींची शाळा आपण छडी आणि घोकंपट्टीसाठी लक्षात ठेवली आहे, आणि त्यात खोटं काही नाही. पावकी, निमकी, दिडकी ही अपूर्णांकांची पाढ्यांची उजळणी एका सुरात म्हणायची, धूळपाटीवर अक्षर गिरवायचं. पण त्या शाळेत इयत्ता नव्हत्या. एका ओसरीवर एक मूल मुळाक्षरांत, दुसरं मोडी पत्रलेखनात. पुढे गेलेला मुलगा मागच्याला शिकवायचा. (मद्रासेत अशीच तऱ्हा पाहून अँड्र्यू बेलने तिची 'मॉनिटर' पद्धत करून इंग्लंडात नेली. आपल्या वर्गातला मॉनिटर तिथून फिरून आला, आणि आता त्याचं काम बडबडणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिण्यापुरतं उरलं आहे.) धूळपाटीची एक सोय होती. चुकलं की हात फिरवला, पुन्हा लिहिलं. काम चालू असतानाच कुणीतरी ते बघत होतं आणि नंतर दाखवायला काहीच उरत नव्हतं.

दाखवायचं कागद-वहीत आलं ते अनुदानामुळे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट मोकळी केली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ आलं आणि पाठोपाठ मॅट्रिक. १८६० च्या दशकात इंग्लंडमधली एक योजना मुंबई इलाख्यात उतरली : निकालाप्रमाणे अनुदान. तपासनीस शाळेत यायचा, मुलांची एकेका विषयात परीक्षा घ्यायचा आणि जितकी मुलं उत्तीर्ण तितके पैसे संस्थेला. 'दिपोटी' (डेप्युटी इन्स्पेक्टर) म्हणून मराठीत जो धाक शिल्लक आहे तो याच माणसाचा. आता शाळेच्या जागी स्वतःला ठेवून बघा. जे मूल आपल्या शब्दांत, चाचपडत, अर्धं बरोबर उत्तर देतं, त्याच्यापासून संस्थेला फायदा काय? नेमलेल्या प्रश्नाचं नेमकं उत्तर पाठ करून घेणं हा सरळ हिशेब होता. १९०४ च्या शैक्षणिक ठरावात कर्झन सरकारने ही पद्धत सोडायचं धोरण जाहीर केलं. पद्धत गेली, सवय राहिली.

पुढे परीक्षकाची खुर्ची बदलत गेली. मॅट्रिक विद्यापीठाकडून सुटून १९४९ मध्ये एस.एस.सी. सुरू झाली, १ जानेवारी १९६६ पासून राज्य मंडळ आलं, १९७५ मध्ये अकरावीऐवजी दहावीला शालान्त परीक्षा झाली. नाव काहीही असो, शेवटचं वाचन बाहेरच्या माणसाचं. शाळेतली तपासणी त्याच्याच साच्यात घडली. दिपोटींच्या जागी पर्यवेक्षक, आणि मुलांच्या तोंडी उत्तरांच्या जागी वर्गपाठाची वही. डाव्या हाताला समास, वर दिनांक, अनुक्रमणिका पूर्ण, प्रत्येक पानाखाली लाल शाईत 'पाहिले' आणि सही.

या 'पाहिले'चा हिशेब एकदा मांडायला हवा. माध्यमिकच्या शिक्षकाकडे एका विषयाच्या चार-पाच तुकड्या असतात. तुकडीत पन्नास धरले तरी दोनशे ते अडीचशे वह्या. एका वहीला एक मिनिट दिलं तरी चार तास होतात, आणि एका मिनिटात वाचून होत नाही, फक्त सही होते. सगळ्यांचं उत्तर सारखं असेल तरच हे काम संपतं. म्हणून फळ्यावरून उतरवून घेणं हे शिक्षकाच्या कामचुकारपणातून आलेलं नाही. अडीचशे वह्यांच्या ढिगातून त्याने काढलेली ती वाट आहे.

सुधारणेचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही, फक्त ते बहुधा परीक्षेच्या बाजूने झाले. अमेरिकेत बेंजामिन ब्लूम यांनी १९५६ मध्ये शैक्षणिक उद्दिष्टांची उतरंड मांडली आणि दोनेक वर्षांत ते परीक्षा सुधारणेच्या कामासाठी भारतात येऊन गेले. मराठी शिक्षकाच्या हाती त्याचं जे रूप लागलं ते म्हणजे प्रश्नपत्रिकेचा संविधान तक्ता : ज्ञानाला इतके गुण, आकलनाला इतके, उपयोजनाला इतके, कौशल्याला इतके. बी.एड. केलेल्या कुणालाही हा तक्ता झोपेत भरता येतो. प्रश्नपत्रिका सुधारली. पण उपयोजनाचा प्रश्न सोडवायची सवय लागते ती वर्गात, आणि तिथे उपयोजनाचंही उत्तर फळ्यावरच मिळत होतं.

१९६४-६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाच्या अहवालाचं पहिलंच वाक्य, देशाचं भवितव्य वर्गखोल्यांत घडतं आहे हे, शिक्षकदिनी दरवर्षी ऐकू येतं. आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक होते. त्याच अहवालातली एक शिफारस मात्र भाषणात कुणी घेत नाही. शाळेने मुलाच्या कामाचं वर्षभर अंतर्गत मूल्यमापन करावं आणि प्रमाणपत्रात ते बाहेरच्या परीक्षेच्या गुणांपासून वेगळं दाखवावं. वेगळं, म्हणजे बेरीज न करता. मला हे त्या अहवालातलं सर्वांत शहाणं कलम वाटतं. बेरीज आली की फुगवणं आलंच, याचा प्रत्यय आपल्याला पन्नासेक वर्षांनी आला.

खाडीच्या पलीकडे, मानखुर्दला, आज होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. वाशीहून लोकलने खाडी ओलांडली की पहिलंच स्टेशन. १९७४ साली स्थापन झालेल्या या केंद्राने १९८० च्या दशकात वि. गो. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या वंचित वस्त्यांमधल्या मुलांबरोबर काम केलं. मुलं कुठे अडतात ते शोधताना हाती लागलेली एक गोष्ट फार साधी होती. अनेकांची गाडी विज्ञानाच्या आधी पुस्तकाच्या मराठीत रुतत होती. वाक्य लांब, शब्द संस्कृत, घरात ती भाषा कुणी बोलत नाही. मुलांना बोलतं केलं, भाषा सोपी केली, प्रश्न विचारू दिले, तशी त्यांची शालान्त परीक्षेतली कामगिरीही उंचावली.

नवी मुंबईला हे जास्त लागू पडतं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. शहर नोडमध्ये, सेक्टरमध्ये आखलं, आणि शाळांसाठी भूखंडही आराखड्यातच राखले. इमारतींची अशी सोय जुन्या ठाण्याला कधी लाभली नाही. तिथल्या शाळा वाड्या-गल्ल्यांत वाढल्या आणि जागेअभावी दोन सत्रांत भरू लागल्या. पण वर्गात आलेली मुलं आराखड्यात नव्हती. माथाडी कामगारांची सातारी मराठी, गावठाणातली आगरी, दगडखाणीवर आलेल्या कुटुंबांची लमाणी, कानडी, हिंदी. या सगळ्यांसमोर 'जडत्व' हा शब्द एकाच दिवशी फळ्यावर येतो. अशा वर्गात उतरवून घेणं मुलालाही सुरक्षित वाटतं. अर्थ न कळताही वही पूर्ण होते.

आणि वही पूर्ण झाली की उरलेलं क्लास बघून घेतो. ठाण्याच्या नौपाड्यातल्या कुठल्याही जिन्यावरच्या पाट्या वाचल्या तर ही सोय किती जुनी आहे ते कळतं. गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच यांच्याबद्दल वेगळं काय सांगायचं?

२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं. आकारिक, म्हणजे शिकणं चालू असतानाच करायच्या, मूल्यमापनाच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी यांच्या जोडीला 'स्वाध्याय / वर्गकार्य' असं चक्क लिहिलेलं होतं. वर्गात केलेल्या कामाला पहिल्यांदाच सरकारी कागदावर स्वतंत्र रकाना मिळाला. मग त्या रकान्याच्या नोंदी आल्या आणि नोंदींसाठी तयार वाक्यांची पुस्तिका. 'सुवाच्य लिहितो', 'चर्चेत सहभागी होते'. निरीक्षण करायचं ते निरीक्षणवहीत उतरवायचं झालं. शिक्षक काल मुलाला उतरवायला लावत होता, आज स्वतः उतरवू लागला. ही थट्टा करताना मला वाईट वाटतं, कारण मूळ विचार पक्का होता आणि जुन्या ठाणे जिल्ह्याने तो फार आधी पाहिला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला जे केलं, त्याचा गाभा मूल हाताने काम करत असताना त्याच्याकडे नीट पाहणं हाच होता. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात गेली. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला आणि कोसबाड ठाण्याच्या नकाशावरून गेलं. माध्यमिक शाळेच्या नकाशावर ते कधी नव्हतंच.

दहावीला हाच प्रश्न गुणांच्या रूपात आला. भाषा आणि सामाजिक शास्त्रांत शाळेच्या हातात २० गुण असत आणि ते सढळ हाताने दिले जात. नवा अभ्यासक्रम आणि भाषांसाठी कृतिपत्रिका आली, तेव्हा मंडळाने हे गुण काढले. पाठ केलेल्या उत्तराला कृतिपत्रिकेत फारशी जागा नव्हती. उताऱ्यावर आकृतिबंध भरा, स्वमत लिहा. मार्च २०१९ चा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. ठाणे-नवी मुंबईत ओरड मोठी झाली, कारण इथल्या अकरावीच्या केंद्रीय ऑनलाइन यादीत शेजारच्या इमारतीतलं सीबीएसईचं मूल अंतर्गत गुणांसह उभं होतं. पालकांचं म्हणणं चूक नव्हतं. काही महिन्यांत २० गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. 'स्वमत' लिहायला मुलांनी शिकायचं कुठे, हा प्रश्न त्या गडबडीत बाजूला पडला. पुढच्याच हंगामात स्वमताची तयार उत्तरं बाजारात होती. तयार स्वमत!

मग २०२१. करोनामुळे परीक्षा रद्द झाली आणि मंडळाला शाळेच्याच नोंदींवर निकाल लावावा लागला : नववीच्या निकालाला ५० गुण, दहावीच्या वर्षभरातल्या मूल्यमापनाला ३०, गृहपाठ-तोंडी-प्रात्यक्षिकाला २०. कोठारी आयोगाला जे हवं होतं त्याच्या हा निकाल सर्वांत जवळ आला, असं वरवर म्हणता येईल. निकाल लागला ९९.९५ टक्के. त्यावर विनोद पुष्कळ झाले. शाळेकडे मुलाच्या कामाचा विश्वास ठेवण्याजोगा पुरावा काय आहे, हे विचारायची संधी होती ती त्या विनोदांत विरली.

त्या नववीच्या वर्गात बाईंनी मुलाला सांगितलं, "फळ्यावर काही देणार नाहीये." आणि गप्प उभ्या राहिल्या. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबतो, आणि तो तीन सेकंद थांबला की उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागतात. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. पावसाळी दुपारी, पंखे बंद असताना, चोपन्न मुलांसमोर फार वाटतात.

सहाव्या मिनिटाला बाई खिडकीजवळ पोचल्या. मुलाच्या वहीत एकच शब्द होता, 'जडत्वामुळे'.

"जडत्व कोण? बसमध्ये कुठल्या स्टॉपला चढला?"

आजूबाजूची मुलं हसली, तोही हसला. बाईंनी विचारलं, "ब्रेक लागला तेव्हा तुझे पाय कुठे होते?"

"बसला चिकटून."

"आणि डोकं?"

तो थांबला. बाई पुढच्या बाकाकडे गेल्या. मी त्याच्या वहीकडे बघत राहिलो. त्याने तो शब्द खोडला, एक ओळ लिहिली, तीही अर्धी खोडली. दहाव्या मिनिटाला वहीत हे होतं : पाय बसबरोबर थांबतात. वरचं अंग थांबत नाही, ते आधी जात होतं तसंच जात राहतं. म्हणून दांडा धरावा लागतो. नाहीतर पुढच्या माणसावर.

शेवटचं वाक्य अपुरं होतं. बाईंनी तिथे लाल पेनने काही केलं नाही, फक्त बोट ठेवलं. तासिका संपेपर्यंत त्यांच्या एकोणीस वह्या पाहून झाल्या होत्या. उरलेल्या उद्या, असं म्हणाल्या.

आठवड्याभराने वर्गपाठाच्या वह्यांची तपासणी झाली. पर्यवेक्षकांनी त्या पानावर तारखेखाली शेरा लिहिला होता : खाडाखोड टाळावी.