पार्श्वभूमी: एकाच ॲप्लिकेशनमध्ये इतक्या लॉगिंग पद्धती आल्या कुठून?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यासाठी जावा ॲप्लिकेशन लिहायचे म्हटले की मॉड्यूल्स साधारण ठरलेली असतात: सुताचा साठा, मागावरचे उत्पादन, बिलिंग, ई-वे बिल. हा झाला आपला कोड. त्याच्या खाली बाहेरच्या लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, असतात आणि प्रत्येकीचा लॉग, म्हणजे चालू असताना ती करते त्या नोंदी, वेगळ्या वाटेने जातो. रिपोर्ट बनवणारी जॅस्पररिपोर्ट्स कॉमन्स लॉगिंग वापरते, डेटाबेसशी बोलणारी हायबरनेट जेबॉस लॉगिंग, तर पोस्टग्रेस डेटाबेसचा ड्रायव्हर ४२.०.० आवृत्तीपासून जावाचेच अंगभूत लॉगिंग. वेबवर विनंत्या पाठवणाऱ्या अपाचीच्या एचटीटीपी क्लायंटची चौथी आवृत्ती कॉमन्स लॉगिंगवर आहे आणि पाचवी एसएलएफ४जेवर. लायब्ररी लिहिली गेली तेव्हा जे चलनात होते, ते तिने उचलले. म्हणून लॉगिंगचे कॉन्फिगरेशन लिहिण्याआधी या पद्धती कोणत्या क्रमाने आल्या ते माहीत असणे फार उपयोगाचे आहे.

सुरुवात १९९६ची. युरोपीय संघाच्या ‘सेम्पर’ प्रकल्पात स्वतःचे ट्रेसिंग एपीआय, म्हणजे नोंदी करण्यासाठी कोडने वापरायच्या मेथड्सचा संच, लिहायचे ठरले आणि त्यातूनच पुढे लॉग४जे घडले. जेकी ग्युल्जू हे त्यामागचे मुख्य नाव. लॉगरला (संदेश नोंदवणाऱ्या घटकाला) पॅकेजप्रमाणे नाव द्यायचे, पातळी (किती महत्त्वाचे संदेश नोंदवायचे ते) वरून खाली वारशाने यायची आणि लॉग कुठे लिहायचा ते कोडबाहेर ठरवायचे, हे त्याचे तीन निर्णय आजही जसेच्या तसे टिकून आहेत. लॉग४जे रुळलेले असतानाच फेब्रुवारी २००२मध्ये जावा १.४ आले आणि सोबत जेयूएल, म्हणजे जावाचे अंगभूत लॉगिंग घेऊन आले. पातळ्यांची नावे वेगळी, फाइलची मांडणी वेगळी. लायब्ररी लिहिणाऱ्यांपुढे पेच उभा राहिला: वापरणारा यातले नेमके काय वापरत असेल?

त्यावर त्याच वर्षी अपाचीचे कॉमन्स लॉगिंग आले. लायब्ररीने फक्त याच्याशी बोलायचे, मागे काय आहे ते प्रोग्राम चालू असताना शोधले जाईल, असा बेत होता. बेत चांगला होता, पण हे शोधणे क्लासलोडरच्या, म्हणजे क्लास मेमरीत आणणाऱ्या जावाच्या भागाच्या, भरवशावर होते. टॉमकॅटसारख्या सर्व्हरमध्ये एक जार (क्लास एकत्र बांधलेली फाइल) सर्व्हरच्या फोल्डरात आणि तीच जार ॲप्लिकेशनमध्येही असली, की एकाच नावाचे दोन क्लास तयार होत आणि ॲप्लिकेशन सुरू होतानाच कोसळे. ॲप्लिकेशन पुन्हा डिप्लॉय केले तरी जुना क्लासलोडर मेमरीतून सुटत नसे.

या अनुभवातून ग्युल्जू यांनी २००५च्या सुमारास एसएलएफ४जे (कोडने बोलायचे एपीआय) आणि त्यापाठोपाठ लॉगबॅक (प्रत्यक्ष लॉग लिहिणारी लायब्ररी) लिहिले. इथे शोधाशोध नाही. क्लासपाथवर, म्हणजे जावा क्लास शोधते त्या यादीत, जी एक बाइंडिंग जार (एसएलएफ४जेला मागच्या लॉगिंगशी जोडणारी) ठेवाल, तीच वापरली जाते. जुन्या लायब्ररींसाठी त्यांनी ब्रिज, म्हणजे त्यांचे संदेश एसएलएफ४जेकडे वळवणाऱ्या जार, दिले. हे ब्रिज आजही रोजच्या कामाचे आहेत आणि सर्वाधिक घोळही तिथेच होतात.

जेसीएल-ओव्हर-एसएलएफ४जे ही जार कॉमन्स लॉगिंगचेच क्लास त्याच नावाने देते. त्यामुळे ती नुसती जोडून भागत नाही. मेव्हन या बिल्डच्या साधनाच्या डिपेंडन्सी ट्रीमध्ये (कोणती लायब्ररी कुणामुळे आली त्या यादीत) मूळ कॉमन्स लॉगिंग कोण ओढून आणते ते पाहून तिथे एक्सक्लूजन, म्हणजे ती न आणण्याची सूचना, लावावीच लागते. उलट दिशेची जोडी, म्हणजे लॉग४जेकडून एसएलएफ४जेकडे नेणारा ब्रिज आणि एसएलएफ४जेकडून लॉग४जेकडे नेणारी बाइंडिंग, एकत्र आली तर संदेश गोल गोल फिरत राहील. एसएलएफ४जे ही जोडी ओळखून सुरुवातीलाच एरर देते. जेयूएलचे क्लास जावाच्या पोटातच असल्याने ते बदलता येत नाहीत. तिथे मेन मेथडच्या पहिल्याच ओळींत आधीचे हँडलर (संदेश पुढे पोचवणारे घटक) काढून ब्रिज हँडलर बसवावा लागतो. यात बंद पातळीवरच्या, म्हणजे लिहिल्याच न जाणाऱ्या, संदेशांनाही वेळेचा खर्च पडतो. एसएलएफ४जेच्या दस्तऐवजांत तो ६० पटींपर्यंत सांगितला आहे. लॉगबॅकच्या फाइलमध्ये लेव्हल चेंज प्रोपगेटर (लॉगबॅकच्या पातळ्या जेयूएललाही कळवणारा घटक) जोडला की हा खर्च जवळपास जातो. ही एक ओळ बहुतेक ठिकाणी राहून गेलेली असते.

लॉगबॅकची मुळातली वर्तणूकही ठाऊक हवी. कॉन्फिगरेशन सापडले नाही, तर तो रूट, म्हणजे सर्वांत वरचा, लॉगर डीबग या बारीक तपशिलाच्या पातळीवर सुरू करून सगळे कन्सोलवर ओततो. मग एचटीटीपी क्लायंटचा ‘वायर’ लॉगर प्रत्येक विनंतीचे हेडर आणि मजकूर लिहू लागतो. ई-वे बिलाच्या मॉड्यूलमध्ये याचा अर्थ पोर्टलचा टोकन, म्हणजे प्रवेशाची किल्ली, उघडपणे लॉगमध्ये जातो. डिस्क भरण्यापेक्षा हे कितीतरी गंभीर आहे. म्हणून आमचा ठाम आग्रह: रूट ‘वॉर्न’वर (इशारे आणि चुका), स्वतःचे पॅकेज ‘इन्फो’वर (साधी माहितीही) आणि वायर लॉगर नावानिशी ‘ऑफ’. एक फाइल ५० एमबीची, जुन्या फाइल्स ३० दिवस, एकूण मर्यादा २ जीबी, एवढे एका कारखान्याला पुरते. मात्र दिवसांची मर्यादा दिली नाही, तर एकूण आकाराची मर्यादा लागूच होत नाही.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक मॉड्यूलने आपापल्या जारमध्ये कॉन्फिगरेशन फाइल ठेवणे. लॉगबॅक एकाहून जास्त फाइल्स दिसल्याचा इशारा देतो, पण क्लासपाथवर आधी सापडेल तीच घेतो, आणि तो क्रम बिल्डप्रमाणे बदलू शकतो. फाइल फक्त ॲप्लिकेशन सुरू करणाऱ्या मॉड्यूलमध्ये असावी. इतर मॉड्यूल्सनी केवळ एसएलएफ४जेच्या एपीआयवर अवलंबून राहावे.

डिसेंबर २०२१मध्ये लॉग४जे २ (लॉग४जेची नव्याने लिहिलेली आवृत्ती) मधली ‘लॉग४शेल’ ही सुरक्षेची त्रुटी उघड झाली, तेव्हा हा पसारा सगळ्यांनाच मोजावा लागला. धोका लॉग४जे-कोअर या जारमध्ये होता, नुसत्या लॉग४जे-एपीआयमध्ये नव्हता. डिपेंडन्सी ट्री हाताशी असलेल्यांना आपले काय ते लवकर कळले. लॉग४जे १ची देखभाल तर २०१५मध्येच थांबली होती.

जावा ९ने २०१७मध्ये जावाची स्वतःची मॉड्यूल व्यवस्था (कोणाला कोणती पॅकेजेस दिसतील ते ठरवणारी) आणली आणि नियम कडक झाले. कॉमन्स लॉगिंग आणि तिचा ब्रिज दोन्ही मॉड्यूल पाथवर असतील, तर एकच पॅकेज दोन मॉड्यूल्समध्ये आल्याने प्रोग्राम सुरूच होत नाही. एसएलएफ४जे २.० (ऑगस्ट २०२२) बाइंडिंग सोडून सर्व्हिसलोडरवर, म्हणजे प्रोव्हायडर (मागचे लॉगिंग) शोधून देणाऱ्या जावाच्या सोयीवर, गेले. त्यामुळे २.०च्या एपीआयसोबत लॉगबॅक १.२ ठेवला, तर तो दुर्लक्षिला जातो. १.३ किंवा पुढची आवृत्ती हवी.

जेलिंक या जावाच्या साधनाने छोटी इमेज (प्रोग्राम आणि त्याला लागेल तेवढेच जावा) बनवून कारखान्यातल्या पीसीवर देताना हेच वेगळ्या रूपात समोर येते. लॉगबॅकला कोणत्याच मॉड्यूलने ‘रिक्वायर्स’ केलेले, म्हणजे गरज म्हणून नोंदवलेले, नसते, म्हणून जेलिंक तो इमेजमध्ये घेत नाही. एसएलएफ४जे प्रोव्हायडर सापडला नाही एवढे कन्सोलवर सांगून गप्प बसते, आणि प्रोग्राम जावाडब्ल्यूने (खिडकी न उघडता जावा चालवणाऱ्या कमांडने) सुरू केलेला असेल, तर तो कन्सोलही नसतो. इमेज बनवतानाच जेलिंकच्या ॲड-मॉड्यूल्स या पर्यायामध्ये लॉगबॅक क्लासिकचे नाव द्यावे आणि पीसीवर नेण्याआधी तीच इमेज एकदा कमांड प्रॉम्प्टमधून चालवून लॉग फाइल तयार झाली का ते पाहावे.