कुटुंब समुपदेशन : खानदेशातील आदिवासी समाज

नवरा-बायकोची भांडणे, मारहाण, दारू, काडीमोड अशा प्रसंगी द्यायची मदत भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, तडवी आदी समाजांच्या रीतींना धरून देण्याची पद्धत. नंदुरबार जिल्ह्यात (स्थापना १९९८) २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे असल्याने तिची गरज तिथे सर्वांत ठळक दिसते.

भाषेची अडचण लगेच जाणवते. अक्राणीत पावरी, नवापुरात मावची. खानदेशचीच म्हणून अहिराणीत बोलू लागलेली समुपदेशकही तिथे परकीच ठरते. त्याहून अवघड गोष्ट लग्नव्यवहाराची. प्रशिक्षणात पहिला प्रश्न हुंड्याचा शिकवतात. इथे रूढीने वरपक्ष वधूच्या बापाला देज देतो. ‘सासरच्यांनी किती मागितले?’ असे विचारले तर बाई नुसती बघत राहते. देज किती ठरले, किती फिटले, ती माहेरी परतली तर कोणी फेडायचे, हे विचारले की बोलणे सुरू होते. देज परत करणे जड जाते म्हणून बाप मुलीला पुन्हा नांदायला धाडतो, असेही घडते.

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ केंद्राच्या अधिसूचनेवाचून अनुसूचित जमातींना लागू होत नाही (कलम २(२)). त्यामुळे काडीमोड बहुधा पंचांपुढे होते. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा मात्र लागू आहे, आणि हे पुष्कळ पंचांना सांगावे लागते. पंच बहुतेक पुरुषच. रूढीचा मान राखताना बाईचे म्हणणे पंचांच्या बैठकीत दबू शकते. याला उतारा बाहेरूनच यावा लागतो असे नाही : १९७० च्या दशकात शहादा भागात श्रमिक संघटनेतल्या आदिवासी बायकांनी गावोगाव दारूची मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्यांना चारचौघांत जाब विचारला.

वेळापत्रकाचाही प्रश्न आहे. दिवाळीनंतर कित्येक जोडपी दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, उचलही (आगाऊ दिलेली रक्कम) त्या जोडीवरच. बाई रुसून माहेरी गेली की कोयता मोडतो, आणि समेटाची घाई नवऱ्यापेक्षा मुकादमाला होते. होळीच्या तोंडावर, भोंगऱ्या बाजाराच्या (होळीआधी भरणाऱ्या आदिवासी बाजाराच्या) सुमारास माणसे घरी परततात. जानेवारीत पाड्यावर शिबिर घेतले तर भेटतात म्हाताऱ्या, पोरे आणि शेळ्या.