बाराओना प्रांत

बाराओना हा डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचा, कॅरिबियन समुद्राला लागून असलेला प्रांत. देशाची राजधानी सांतो दोमिंगोपासून तो पश्चिमेला सुमारे 200 किमी अंतरावर आहे. मुख्य ठिकाण सांता क्रुस दे बाराओना हे बंदर असून त्याची स्थापना 1802 मध्ये हैतीचा क्रांतिनेता तूसाँ लूव्हेर्तूर याच्या अमलात झाली. पूर्वी हा प्रांत बराच मोठा होता. दक्षिणेकडचा पेदेर्नालेस 1957 मध्ये त्यातून वेगळा झाला.

उत्तरेचा भाग नेयबाच्या सखल दरीत येतो. एकेकाळी इथे समुद्राची सामुद्रधुनी होती. आज रखरखीत जमीन, निवडुंग आणि मीठ-जिप्समच्या खाणी आहेत. याके देल सुर नदीच्या पाण्यावर मात्र उसाचे मळे उभे राहिले आणि साखर कारखान्याने शहर वाढवले. दक्षिणेला सिएरा दे बाओरुको ही डोंगररांग थेट समुद्राला भिडते. ताइनो या मूळ रहिवाशांचा नायक एन्रिकियो याने स्पॅनिशांविरुद्ध 1519 ते 1533 असा दीर्घ लढा दिला, तो याच डोंगरांच्या आश्रयाने. वरच्या अंगाला, पोलो गावाच्या परिसरात, कॉफी पिकते. चुनखडीत मुरलेले पाणी पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते; लोस पातोस ही नदी तर उगमापासून जेमतेम 61 मीटर वाहून समुद्राला मिळते. पांढऱ्या वाळूच्या अपेक्षेने येणाऱ्यांची इथे निराशा होते, कारण बरेचसे किनारे गोट्यांचे आहेत.

या गोट्यांमुळेच प्रांताचे नाव जगभर पोहोचले. 1974 मध्ये मिगेल मेंदेस आणि पीस कोअर या अमेरिकी सरकारी स्वयंसेवा संस्थेचे स्वयंसेवक नॉर्मन रिलिंग यांना किनाऱ्यावर निळे खडे सापडले. ते बाओरुको नदीतून वाहत आले होते. प्रवाहाचा माग काढत वर गेल्यावर लोस चुपादेरोसच्या डोंगरात मूळ साठा मिळाला. तोच लारिमार. खनिजशास्त्राच्या भाषेत हा निळा पेक्टोलाइट असून तांब्याच्या अंशामुळे त्याला रंग येतो. दख्खनच्या बेसाल्टातल्या पोकळ्यांत झिओलाइट या खनिजाचे स्फटिक सापडतात, तसाच हाही ज्वालामुखी खडकातल्या पोकळ्यांत साचलेला आहे. पेक्टोलाइट इतरत्रही मिळतो, पण दागिन्याच्या प्रतीचा निळा फक्त इथेच. 2011 मध्ये त्याला कायद्याने राष्ट्रीय रत्नाचा दर्जा मिळाला.

खाणकाम अजूनही बरेचसे हातानेच चालते. अरुंद विहिरी आणि बोगदे लाकडी टेकू देऊन खोदले जातात, आत हवा पंपाने सोडावी लागते. मुसळधार पावसात ही कामे जिवावर बेततात. खडा कारागिराच्या हाती येतो तेव्हा त्यावर मातकट साल असते. पाणी सोडत हिऱ्याच्या पात्याने तो कापायचा, मग चाकांवर घासत झिलई आणायची. खनिजांचा कठीणपणा मोजणाऱ्या मोह्स श्रेणीवर काठिण्य 5 च्या आतबाहेर आणि रचना तंतुमय, म्हणून त्याला पैलू सहसा पाडत नाहीत; घुमटाकार घासून चांदीच्या कोंदणात बसवतात. पांढऱ्या रेषांचे जाळे असलेला फिकट खडा स्वस्त, गडद निळा महाग. काप कुठून घ्यायचा यावरच निम्मी किंमत ठरते. पुष्कळ माल पुंता कानासारख्या पर्यटनस्थळी विकला जातो, त्यामुळे मोठा नफा खाणीजवळच्या गावांत राहत नाही.

दुसरी कला काब्राल गावची. देशात कार्निव्हल फेब्रुवारीत होतो. इथल्या ‘काचुआ’ म्हणवणाऱ्या मुखवटाधारी मंडळींचा उत्सव मात्र ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहाच्या अखेरीस सुरू होतो आणि ईस्टरनंतरच्या सोमवारपर्यंत चालतो. कागदाचे शिंगाळे मुखवटे, त्यांवर रंगीत कागदी झालरींचे केस, पंखासारख्या बाह्यांचे झगे आणि वाखाचे वळलेले लांब चाबूक हे सगळे घरोघरी तयार होते. शेवटच्या दिवशी दफनभूमीत दिवंगत काचुआंच्या थडग्यांवर चाबूक कडाडतात आणि ‘हुआ’ नावाचा, येशूचा विश्वासघात करणाऱ्या यहूदाचा पुतळा जाळला जातो.

पोलोजवळच्या एका रस्त्यावर बंद गाडी चढावर आपोआप जाते असे पर्यटकांना दाखवतात. त्यामागे चुंबक वगैरे नाही, तो निव्वळ दृष्टिभ्रम आहे. शहरातला आंतरराष्ट्रीय विमानतळ इथेच जन्मलेल्या हॉलिवूड अभिनेत्री मारिया मोंतेस यांच्या नावाने ओळखला जातो. तिथे विमाने फारशी उतरत नाहीत. बहुतेक प्रवासी सांतो दोमिंगोहून रस्त्यानेच येतात.