ऑपरेशन पुण्याला, पोट गावाला

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. यावल तालुक्यातलं माझं आजोळ. बाहेर ऊन असं की ओसरीची फरशी अनवाणी पायाला सोसवत नव्हती. घरात खापरावरच्या पुरणपोळ्या आणि पातेलंभर आमरस. मामीचं वजन कमी करायचं ऑपरेशन होऊन सात महिने झाले होते, ११२ किलोची ती ८१ वर आली होती. सणाला नाही कशाला म्हणायचं म्हणून तिने एक वाटी रस घेतला. पंधरा-वीस मिनिटांत ती भिंतीला टेकून बसली. छातीत धडधड, अंगाला दरदरून घाम, पोटात पिळवटल्यासारखं, मग मोरीकडे धाव. कुणी म्हणालं ऊन लागलं. आजीने तर मीठ-मोहऱ्या हातात घेतल्याच. तासाभरात सगळं आपोआप ओसरलं आणि मामी थकून झोपली.

हे ऊन नव्हतं आणि नजरही नव्हती. डॉक्टर याला ‘डम्पिंग’ म्हणतात. आपलं जठर नुसती पिशवी नाही, ते पोटातला जकात नाका आहे. खाल्लेलं अडवून, घुसळून, थोडं थोडं करून पुढे सोडणं हे त्याचं काम. मामीचं ऑपरेशन बायपासचं. त्यात हा नाकाच उठवलेला असतो. मग वाटीभर गोड रस थेट लहान आतड्यात उतरतो. इतका दाट साखरेचा पाक आला की आतडं तो पातळ करायला रक्तातलं पाणी ओढून घेतं, सोबत आतड्याची संप्रेरकं उसळतात आणि नाडी पळायला लागते. काहींना याचा दुसरा अंकही भोगावा लागतो. साखर झपाट्याने रक्तात शिरली म्हणून इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि एक ते तीन तासांनी रक्तातली साखर उलट खाली घसरते. हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरचे काय करतात? पुन्हा साखरपाणी देतात, आणि चक्र नव्याने सुरू होतं.

ही ऑपरेशनं आहेत तरी काय, हे आधी पाहू. आपल्याकडे सर्वाधिक ऐकू येतात ती दोन. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग उभा कापून कायमचा काढून टाकतात. उरतं ते केळ्याच्या आकाराचं नळकांडं. (हे वर्णन सर्जन जगभर करतात, पण केळीच्या बागांतल्या रावेर-यावलकडच्या माणसाला ते जितकं चटकन कळतं तितकं क्वचितच कुणाला कळत असेल.) बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांएवढी थैली करतात आणि लहान आतड्याचा पुढचा भाग वर आणून तिला जोडतात. बाकीचं जठर पोटातच राहतं, फक्त अन्नाचा रस्ता त्याला वळसा घालून जातो. मिनी बायपास त्याचाच धाकटा भाऊ, त्यात दोन जोडांऐवजी (थैलीचा आतड्याशी आणि आतड्याचा आतड्याशी) एकच. आणखी एक सिलिकॉनचा पट्टा असायचा, जठराच्या गळ्याभोवती आवळायचा. तो सरके, जठराच्या भिंतीत रुते. आता तो जवळजवळ बाद झाला आहे.

पोट लहान केलं म्हणून माणूस कमी खातो, हा आपला सरळ हिशेब. खरी गंमत त्याच्या पलीकडे आहे. १९९९ मध्ये जपानमधल्या कोजिमा आणि कांगावा या संशोधकांना जठरात घ्रेलिन नावाचं संप्रेरक सापडलं. ते मेंदूला ‘भूक लागली’ असा निरोप धाडतं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या घुमटात तयार होतं, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. बायपासनंतर अन्न आतड्याच्या खालच्या टोकाला लवकर पोचतं. तिथल्या पेशी जीएलपी-१ आणि पीवायवाय ही ‘पुरे झालं’ सांगणारी संप्रेरकं भरभरून सोडतात. मामी पहिल्या महिन्यात सांगायची, “मला जेवायची आठवणच राहत नाही.” जिने आयुष्यभर भुकेशी झुंज घेतली तिच्या तोंडी हे वाक्य आलं, तेव्हा मी तरी थक्क झालो होतो.

नुसतं डाएट करून हे का साधत नाही, हे विचारणाऱ्यांसाठी २०१६ चा एक अभ्यास सांगतो. अमेरिकेत वजन घटवण्याच्या टीव्ही स्पर्धेत उतरलेल्यांना केविन हॉल यांच्या गटाने सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. बहुतेकांचं वजन बऱ्यापैकी परत आलं होतं, पण शरीर बसल्याजागी जाळत असलेली ऊर्जा अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमीच राहिली होती. शरीर दुष्काळ विसरत नाही. म्हणून ‘तोंडावर ताबा ठेवता येत नाही का’ असं जाड माणसाला ऐकवणाऱ्यांचा मला राग येतो.

मधुमेहावरचा परिणाम तर याहून चकित करणारा. वजन उतरण्याआधीच, ऑपरेशननंतर थोड्याच दिवसांत अनेकांची साखर खाली येते. म्हणून जाहिरातीत ‘मधुमेहापासून कायमची मुक्ती’ लिहिलेलं असतं. इथे जरा थांबावं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या चाचणीत १५० मधुमेही रुग्ण होते. पाच वर्षांनंतर एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा, ६ किंवा त्याखाली राहिलेले बायपासवाले २९ टक्के होते, स्लीव्हवाले २३ टक्के आणि फक्त औषधांवरचे ५ टक्के. फरक मोठा आहे, पण २९ म्हणजे १०० नव्हेत.

वजनाचंही तसंच. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं आणि दहाव्या वर्षी ती घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे ११० किलोचा माणूस आधी ७५ पर्यंत जाईल आणि मग हळूहळू ८२-८३ वर स्थिरावेल. आपल्याकडे लोक ७५ चा फोटो जपून ठेवतात आणि ८२ ला ‘ऑपरेशन फेल गेलं’ म्हणतात. ते फेल नसतं. त्याच अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाणही न झालेल्यांपेक्षा कमी निघालं.

ऑपरेशन कुणी करावं याचे आकडे देशागणिक बदलतात. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३७.५ च्या वर, किंवा मधुमेह-रक्तदाबासारखं दुखणं सोबत असेल तर ३२.५ च्या वर, अशी रेषा आखली. तेव्हाच्या पाश्चात्त्य रेषेपेक्षा ती खाली होती, आणि त्याला कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा लंडनच्या जॉन युडकिन यांच्याबरोबरचा फोटो वैद्यकीय जगात गाजलेला आहे. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. दिसायला बारीक, आतून चरबीदार, अशी आपली ठेवण. विम्याचे नियम मात्र ४०, किंवा गंभीर आजार असल्यास ३५ वर अडून आहेत. त्यामुळे सर्जन हो म्हणतो आणि विमा कंपनी नाही म्हणते, असा पेच बऱ्याच घरांत पडतो.

आता दुखण्याकडे येऊ. टेबलावरच काही होईल ही भीती सगळ्यांना असते, आणि ती अगदीच खोटी नाही. अमेरिकेतल्या ४,७७६ रुग्णांच्या २००९ च्या पाहणीत ३० दिवसांत मृत्यू आले ते हजारी ३. पण माझ्या मते खान्देशातल्या माणसाने खरी काळजी करावी ती नंतरची. आपल्याकडचे बरेच जण ऑपरेशनला नाशिक, पुणे, मुंबई, सुरत नाहीतर इंदूर गाठतात. चौथ्या-पाचव्या दिवशी घरी परततात. गुंतागुंत गाठते ती गावी, रात्री दोनला, जिथल्या डॉक्टरला या माणसाच्या पोटाचा नवा नकाशा माहीत नसतो.

पहिले दोन आठवडे धास्ती गळतीची. स्लीव्हचं नळकांडं लांब शिवणीचं असतं, आत दाब जास्त, आणि अन्ननलिकेजवळच्या वरच्या टोकाला रक्तपुरवठा तुटपुंजा. तिथे शिवण उसवली तर जठरातला रस पोटात झिरपतो. पोट दुखेलच असं नाही. कधी नुसती नाडी १२० च्या वर पळते, ताप येतो, डावा खांदा दुखतो, धाप लागते. ‘गॅस झाला’ म्हणून सोडा पाजत बसण्याची ही वेळ नव्हे.

दुसरी गोष्ट उलट्यांची. शहाद्याकडच्या ओळखीतल्या एका तरुणाची स्लीव्ह झाली. दुसऱ्या महिन्यात काही खाल्लं की उलटी. दोन आठवडे तो तसाच राहिला, मग जवळच्या दवाखान्यात नेलं आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे सलाईन लागलं, ग्लुकोजचं. दुसऱ्या दिवशी त्याला एकाचे दोन दिसू लागले, चालताना झोक जाऊ लागला, तो असंबद्ध बोलू लागला. घरच्यांना वाटलं बाहेरचं काही आहे. कारण होतं थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. त्याचा शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. ग्लुकोज जाळायला थायमिन लागतं. साठा रिता असताना ग्लुकोज चढवलं की उरलंसुरलंही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होते. अशा रुग्णाला आधी थायमिनचं इंजेक्शन द्यायचं, मग ग्लुकोज. इतकी साधी आणि स्वस्त गोष्ट, पण ऑपरेशनचा कागद सोबत नव्हता आणि पोटावर उरले होते फक्त दुर्बिणीचे चार-पाच बारीक वण. तो सावरला, पण चालताना अजून भिंतीचा आधार घेतो.

बायपासवाल्यांना असाच एक धोका वर्षा-दोन वर्षांनी, सगळं सुरळीत चाललेलं असताना येतो. वजन उतरतं तशी आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यातली चरबीही वितळते आणि ऑपरेशनच्या वेळच्या फटी रुंदावतात. त्यात आतड्याचं वेटोळं शिरून पिळवटतं. कळ येते, जाते, पुन्हा येते. साध्या एक्सरेत काही दिसेलच असं नाही. सीटी स्कॅन लागतो, आणि कधी कधी त्यावरही न थांबता दुर्बीण घालून पाहावं लागतं. उशीर झाला तर आतडं काळं पडतं.

स्लीव्हची तक्रार वेगळी: जळजळ. फिनलंडमध्ये २४० जणांना दहा वर्षं तपासलं तेव्हा अन्ननलिकेला सूज आलेले स्लीव्हवाल्यांत ३१ टक्के निघाले, बायपासवाल्यांत ७. ज्याला आधीपासूनच आंबट ढेकर छळतात त्याने स्लीव्ह निवडताना दहादा विचार करावा. शेवभाजीचा लालभडक रस्सा त्या केळ्याएवढ्या नळीला मानवत नाही.

बाकीचं थोडक्यात. झपाट्याने वजन उतरलं की पित्ताशयात खडे होतात. ते टाळायला बरेच सर्जन सहा महिने गोळी देतात. गुडघे दुखले म्हणून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन घेणं बायपासवाल्याला महागात पडतं, जोडावर व्रण होतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला तर अधिकच. दारू लवकर आणि जास्त चढते. बाईने पहिलं वर्ष-दीड वर्ष दिवस जाऊ देऊ नयेत. आणि वजन उतरल्यावर पाळी सुरळीत होऊन दिवस राहण्याची शक्यता वाढते, हे तिला आधीच कुणीतरी सांगायला हवं.

केस मात्र सगळ्यांना दिसतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मामीची वेणी करंगळीएवढी झाली. गाल बसले, दंडाची कातडी लोंबायला लागली. लग्नात बायका विचारायच्या, “आजारी शे का वं?” केस परत येतात, कातडी येत नाही. जाडी असताना टोमणे, बारीक झाल्यावर शंका. ती म्हणायची, यापेक्षा ऑपरेशन सोपं होतं.

रोजच्या जगण्यात तिला सर्वात जड गेलं पाणी. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही, आणि एका वेळी दोन-तीन घोटच. असं करून दिवसाला किमान दीड लिटर पोटात जायला हवं. ऑपरेशनचं वेळापत्रक ठरवताना सर्जन भुसावळचा मे महिना विचारात घेत असेल का, कोण जाणे! पारा ४५ ला टेकलेला असताना घोट-घोट पाणी पिणाऱ्याच्या अंगातलं पाणी कधी आटतं ते कळतही नाही. चक्कर, गडद लघवी, बायपासवाल्यांना पुढे मुतखडे. मामीने मोबाइलवर दर वीस मिनिटांचा गजर लावला होता. सगळं घर त्या गजराला वैतागलं, पण तिला सलाईन लागलं नाही.

प्रथिनं दिवसाला निदान ६० ग्रॅम लागतात. १०० ग्रॅम कच्च्या डाळीत ती २२ ते २४ ग्रॅम असतात आणि पोट तर वाटीचंही नाही. शाकाहारी घरात हा हिशेब जुळता जुळत नाही. मामी कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीचा पापुद्रा आणि घट्ट वरण खाते. बट्टी तिला अजून अडकते. ब-१२ शोषायला जठरातून येणारं एक प्रथिन लागतं, लोह मुख्यतः आतड्याच्या पहिल्या वळणावर शोषलं जातं. बायपासमध्ये अन्न दोन्हींना चुकवून जातं. म्हणून ब-१२, लोह, कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व आयुष्यभर आणि रक्ताची तपासणी वर्षातून एकदा तरी. बरं वाटलं की गोळ्या बंद करायची आपली सवय इथे चालत नाही. ब-१२ कमी पडून तळव्याला मुंग्या येईपर्यंत बरीच वर्षं गेलेली असतात.

२०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड आणि सेमाग्लुटाइडची वजनाची इंजेक्शनं भारतात आली. आतड्याच्या त्याच ‘पुरे झालं’ संप्रेरकाची ती नक्कल आहेत. सुई सोडली की वजन बहुधा परत फिरतं; ऑपरेशन सोडता येत नाही. कुणाला काय जमेल हे ज्याचं त्याने ठरवावं. मी मामीला विचारलं, पुन्हा करशील का? “करीन,” ती म्हणाली, “पण या खेपेला आधी इथल्या डॉक्टरला विचारीन.”

ते विचारणं तिने उशिरा का होईना केलं. पुण्याच्या सर्जनकडून तिने कागदावर आपल्या पोटाचं चित्र काढून आणलं: थैली कुठे, जोड किती, आतड्याची किती लांबी वगळली. खाली तीन ओळी: वेदनाशामक इंजेक्शन नको, उलट्या असतील तर आधी थायमिन, पोटात कळ आली तर सीटी. त्यावर प्लास्टिक चढवून तो कागद पर्समध्ये ठेवला. तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवला तेव्हा त्यांनी तो टेबलावर सरळ करून मोबाइलने फोटो काढला आणि विचारलं, “गावात अजून कुणाचं झालंय का असं ऑपरेशन?”

मामीने दोन नावं सांगितली.